लाटेकची पॅकेजे लिहिणाऱ्या मराठी मंडळींस खुले पत्र: पुस्तिका स्रोतातूनच घडू द्या

सप्रेम नमस्कार,

लाटेक या मजकूर छपाईसाठी जुळवण्याच्या संगणक-प्रणालीत देवनागरी नीट उमटावी, मराठी आकडे, मराठी महिने आणि प्रमेयांचे मराठी क्रमांक कोणालाही सहज मिळावेत, म्हणून आपण आपापली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, कसल्याही मोबदल्याविना पॅकेजे, म्हणजे लाटेकला नव्या आज्ञा देणाऱ्या जोडफाइली, लिहीत आहात. मी त्या पॅकेजांची रोजची वापरकर्ती आहे. महाविद्यालयात गणित शिकवते आणि गेली चौदा वर्षे प्रश्नपत्रिका, वर्गातली टिपणे आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध लाटेकमध्येच जुळवत आले आहे. आपल्या कामाचे ऋण मनात ठेवूनच एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पॅकेजसोबत येणारी पुस्तिका एकदा हाताने लिहून बाजूला ठेवून देऊ नका. ती पॅकेजच्या स्रोतातून, प्रत्येक आवृत्तीगणिक नव्याने तयार होऊ द्या, आणि तिचा वापरकर्त्यासाठीचा भाग मराठीत असू द्या.

हे मला का लिहावेसे वाटले, ते आधी सांगते. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी प्रबंध सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आली. तिने एका पॅकेजच्या पुस्तिकेत पाहून आकड्यांसाठीचा एक पर्याय जसाच्या तसा उतरवला होता, आणि लाटेक तिला सांगत होते की असा पर्याय या पॅकेजला ठाऊकच नाही. तिने शुद्धलेखन तपासले, पॅकेज पुन्हा बसवले, संगणक बदलून पाहिला, आणि या सगळ्यात तीन तास गेले. आम्ही पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची तारीख आणि पॅकेजच्या फाइलमधली तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांत तीन वर्षांचे अंतर निघाले. मधल्या काळात लेखकाने पर्यायाचे नाव बदलले होते, आणि ते बदलण्यामागे चांगले कारणही असणार. पण पुस्तिका ही वेगळी फाइल होती आणि ती जिथल्या तिथे राहिली. शेवटी पॅकेजचा कोड वाचून नवे नाव शोधावे लागले, आणि त्या कोडमध्ये समजावणीची एकही ओळ नव्हती. मला कोड वाचता येतो म्हणून काम निभावले. ज्या मुलीला भाषाशास्त्राचा किंवा इतिहासाचा प्रबंध लिहायचा आहे, तिने हे का करावे?

दोष त्या लेखकाच्या निष्ठेचा नव्हता. दोन फाइली दोन ठिकाणी असल्या की एक पुढे जाते आणि दुसरी मागे राहते, हे कोणाच्याही हातून होते. म्हणूनच टेकच्या, म्हणजे लाटेक ज्यावर उभे आहे त्या मूळ प्रणालीच्या, जगात या दुखण्यावर फार पूर्वी उपाय शोधला गेला. डोनाल्ड क्नुथ यांनी टेकचा प्रोग्राम ज्या वेब नावाच्या पद्धतीने लिहिला, तिच्यात एकाच स्रोतातून टँगल हा प्रोग्राम यंत्रासाठीचा कोड काढतो आणि वीव्ह हा प्रोग्राम माणसासाठीचा छापील मजकूर काढतो. १९८४ साली त्यांनी या विचारावर लेख लिहिला आणि प्रोग्राम हा आधी माणसांनी वाचायचा मजकूर आहे, ही भूमिका मांडली. लाटेकमध्ये हाच विचार फ्रँक मिटेलबाख यांच्या डॉक या पॅकेजाने आणला. त्यावरचा त्यांचा लेख टगबोट या नियतकालिकात १९८९ साली आला. आपल्याकडच्या सार्थ पोथीची रचना डोळ्यांसमोर आणली तर डॉकसाठी लिहायची डीटीएक्स फाइल, जिच्यात कोड आणि त्याची समजावणी एकत्र असतात, लगेच समजते: ओवी आणि तिच्याखाली तिचा अर्थ, दोन्ही एकाच पोथीत, एकाच हाताखाली. ओवी बदलली तर अर्थाची ओळ डोळ्यांपुढेच असते, ती नजरेआड होत नाही.

आपल्यापैकी अनेकांना हे सारे माहीत आहे, पण जे नुकतेच पॅकेज लिहू लागले आहेत आणि ज्यांना डीटीएक्स फाइल पाहून धास्ती वाटते, त्यांच्यासाठी थोडे जवळून सांगते. या फाइलीत समजावणीची प्रत्येक ओळ टक्क्याच्या खुणेने सुरू होते, आणि खरा कोड मॅक्रोकोड या परिसरात, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या आज्ञेमधल्या भागात, टक्क्याविना उभा असतो. डॉकस्ट्रिप हा प्रोग्राम ही फाइल वाचतो तेव्हा टक्क्याच्या ओळी गाळतो आणि उरलेला कोड लाटेक वापरते त्या एसटीवाय फाइलीत उतरवतो. तीच फाइल लाटेक पुस्तिकेसाठी वाचते, तेव्हा टक्क्याच्या खुणेकडे दुर्लक्ष केले जाते, आणि त्या ओळी मजकूर म्हणून जुळवल्या जातात. एकच खूण एका वाचकाला थांबवते आणि दुसऱ्याला दिसतच नाही, एवढ्यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. नवशिक्याची ठेच लागते ती एका बारीक जागी: मॅक्रोकोड परिसर संपवताना टक्क्याची खूण आणि एंडची आज्ञा यांच्यामध्ये बरोबर चार मोकळ्या जागा लागतात. तीन पडल्या तर परिसर संपतच नाही आणि पुढची सारी समजावणी कोड म्हणून छापली जाते. माझ्या पहिल्या डीटीएक्स फाइलीत मी या एका जागेसाठी अख्खी दुपार घालवली होती, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

याच फाइलीत डिस्क्राइबमॅक्रो ही आज्ञा वापरली की आज्ञेचे नाव समासात येते आणि आपोआप सूचीतही जाते. सूचीत तिरप्या आकड्याने छापलेले पान म्हणजे जिथे वर्णन आहे ते, अधोरेखित आकडा म्हणजे जिथे व्याख्या आहे ती कोडची ओळ, आणि साधा आकडा म्हणजे जिथे वापर झाला आहे ती ओळ. चेंजेस या आज्ञेत आवृत्ती, तारीख आणि काय बदलले ते लिहिले की पुस्तिकेच्या शेवटी बदलांची यादी तयार होते. त्या विद्यार्थिनीच्या हातात अशी यादी असती, तर पर्यायाचे नाव कधी बदलले हे एका नजरेत कळले असते. आणि तारखेबद्दल तर माझे आग्रहाचे सांगणे आहे: पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तारीख कधीही हाताने लिहू नका. गेटफाइलइन्फो ही आज्ञा पॅकेजच्या फाइलीतूनच तारीख आणि आवृत्ती उचलून आणते. तिला ते काम करू द्या. मग पुस्तिका जुनी असेल तर ती जुनी आहे हे निदान खरे सांगेल.

ज्यांना कोडची समजावणी वापरकर्त्यापुढे ठेवायची नसेल, त्यांच्यासाठी ओन्लीडिस्क्रिप्शन ही आज्ञा आहे; तिने पुस्तिका वापराच्या भागाशीच थांबते, आणि कोडचा भाग ज्याला हवा तो स्वतः जुळवून घेऊ शकतो. २०२२ मध्ये डॉकची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात दुवे अंगभूत मिळू लागले, शिवाय आज्ञा आणि परिसर यांखेरीज आपल्याला हवे ते घटक, उदाहरणार्थ पर्याय किंवा मोजमापे, वेगळ्या प्रकाराने नोंदवण्याची सोयही झाली. ज्यांनी पूर्वी कधी डॉक वापरून सोडून दिले असेल, त्यांनी ते पुन्हा पाहावे.

तरीही डीटीएक्सच हवे असा माझा हट्ट नाही. पॅकेज मोठे असेल आणि पुस्तिका शिकवणीच्या अंगाने लिहायची असेल, तर ती वेगळ्या फाइलीत असणे समजण्यासारखे आहे. टिकझेड या चित्रे काढण्याच्या पॅकेजची पुस्तिका तेराशेहून अधिक पानांची आहे आणि ती कोडपासून वेगळी लिहिलेली आहे. पण तिच्यात एक गोष्ट आहे, जी मला डीटीएक्सपेक्षाही महत्त्वाची वाटते: पानावर दिसणारे उदाहरण आणि त्याच्या शेजारचे चित्र हे एकाच मजकुरातून येतात. लेखक उदाहरण एकदाच लिहितो. तेच जसेच्या तसे छापले जाते आणि तेच चालवून त्याचे फलितही छापले जाते. टीकलरबॉक्स या रंगीत चौकटींच्या पॅकेजच्या डॉक्युमेंटेशन लायब्ररीत डिस्पएक्झाम्पल नावाचा परिसर हेच करतो, आणि शोएक्सप्ल या पॅकेजाचा एलटीएक्सएक्झाम्पलही हेच करतो. पर्यायाचे नाव बदलले आणि पुस्तिकेतले उदाहरण बदलायचे राहिले, तर पुस्तिका जुळणारच नाही. लेखकाला चूक स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या टेबलापाशी कळेल, विद्यार्थिनीला प्रबंधाच्या आदल्या रात्री नव्हे. पुस्तिका स्रोतातून घडवणे म्हणजे मला जे म्हणायचे आहे त्याचा गाभा हा आहे. जिचे प्रत्येक उदाहरण चालून आलेले आहे, ती पुस्तिका पॅकेजची चाचणीही असते.

मराठीसाठी हे सगळे करताना जास्तीच्या अडचणी येतात, हे मी जाणते. मी स्वतः आमच्या विभागासाठी प्रश्नपत्रिकांचे एक छोटे पॅकेज लिहिले आहे, आणि त्याची पुस्तिका मराठीत करताना या अडचणींशी माझी गाठ पडली. पहिली अडचण फाँटची. मुख्य मजकुराला शोभिका किंवा मुक्ता असा देवनागरी फाँट दिला की आपण निश्चिंत होतो, पण उदाहरणे टंकलेखी फाँटात छापली जातात, आणि लॅटिन मॉडर्नच्या टंकलेखी फाँटात देवनागरी नाही. परिणामी उदाहरणातली मराठी अक्षरे रिकाम्या जागा किंवा चौकोन होऊन उतरतात. आणि ती का गळाली हे लॉग फाइलीतली एक लहानशी ओळ सांगते, जी कोणी वाचत नाही. पॉलिग्लॉसिया या भाषांसाठीच्या पॅकेजात टंकलेखी कुळासाठीही देवनागरी फाँट वेगळा सांगावा लागतो, आणि तो सांगताना लिपी देवनागरी आहे हेही सांगावे लागते. नाहीतर जोडाक्षरे सुटतात आणि ‘स्थिती’ या शब्दातली पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. यावर मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय असा की पुस्तिका जुळवताना ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या मापाची किंमत ३ ठेवावी. टेकलाइव्ह या टेकच्या वार्षिक संचाच्या २०२१ च्या आवृत्तीपासून त्या किमतीला गळालेले अक्षर ही सूचना न राहता चूक ठरते आणि जुळणी थांबते. एकही अक्षर नकळत गळू नये यासाठी मराठी पुस्तिकेला एवढी शिस्त हवीच.

टंकलेखी फाँट निवडताना त्यात ऱ नीट आहे ना, हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एकाखाली एक छापून पाहिले की उत्तर मिळते. पहिल्यात गुरुजी आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. ज्या फाँटात हा भेद पुसला जातो, तो मराठी पुस्तिकेच्या कामाचा नाही. फाँट जोडताना भाषा मराठी असे सांगितले, तर ज्या फाँटांत सोय आहे त्यांत ल आणि श यांची मराठी वळणेही मिळतात.

दुसरी अडचण सूचीची, आणि ती मला अधिक टोचते. डॉकची सूची परंपरेने मेकइंडेक्सकडून लावून घेतली जाते, आणि मेकइंडेक्स हा १९८० च्या दशकातला प्रोग्राम युनिकोड जाणत नाही. तो देवनागरीची अक्षरे बाइटांच्या क्रमाने लावतो आणि सगळ्या मराठी नोंदी चिन्हांच्या ढिगात टाकतो. युनिकोडच्या कोष्टकात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे; आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांना कोष्टकात स्वतंत्र जागाच नाही, म्हणून ते क आणि ज यांच्या पोटात जातात. ज्या मराठी वाचकाने शाळेत वर्णमाला पाठ केली आहे, तो ‘ज्ञ’ सूचीच्या शेवटी शोधायला जातो आणि त्याला तो सापडत नाही. अपमेंडेक्स हा प्रोग्राम टेकलाइव्हसोबतच मिळतो, तो युनिकोडचे वर्णक्रम जाणतो, आणि शैलीच्या फाइलीत भाषा मराठी असल्याची एक ओळ लिहून त्याला आपला क्रम सांगता येतो. झीलाटेक आणि लुआलाटेक या लाटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या रूपांत आज्ञांची नावेही देवनागरीत ठेवता येतात, आणि आपल्यापैकी काहींनी तशी ठेवली आहेत. त्यांच्या पुस्तिकांना तर ही सूची योग्य क्रमाने लागणे अत्यावश्यक आहे.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण तिने मला एकदा चकवले होते. डॉकस्ट्रिप चालवण्याची आयएनएस फाइल निव्वळ टेकने चालवली तर कोडमधल्या देवनागरी अक्षरांच्या जागी टोपीच्या खुणांच्या (^^) जोड्या आणि षोडशमान आकडे उतरतात. ती लुआलाटेकने किंवा झीलाटेकने चालवावी.

हे सगळे प्रत्येक वेळी लक्षात ठेवणे शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवण्याचे काम यंत्राला द्यावे. लाटेक प्रकल्पाच्या मंडळींनी स्वतःच्या वापरासाठी बनवलेले एलथ्रीबिल्ड हे साधन सर्वांसाठी खुले आहे. पॅकेजच्या फोल्डरमध्ये लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात पॅकेजचे नाव, पुस्तिका जुळवण्यासाठी लुआलाटेक वापरायचे, सूचीसाठी अपमेंडेक्स वापरायचे, एवढे लिहायचे. स्वतःहून ते साधन पीडीएफलाटेक गृहीत धरते, म्हणून आपल्याला लुआलाटेकची ओळ लिहावीच लागते. त्यानंतर एका आज्ञेत पुस्तिका, सूची आणि बदलांची यादी योग्य त्या फेऱ्यांत जुळते, दुसऱ्या आज्ञेत चाचण्या चालतात, आणि तिसऱ्या आज्ञेत सीटॅन या टेकच्या जागतिक संग्रहाला पाठवण्याचा गठ्ठा तयार होतो. माझ्या पॅकेजसाठीची ही फाइल दहा ओळींची आहे.

आता भाषेबद्दल. सीटॅनवर आणि टेकलाइव्हमध्ये पॅकेज जगभरासाठी असते, म्हणून इंग्रजी पुस्तिका हवी हे मला मान्य आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण ती लिहितातच. पण मराठी आकड्यांचे किंवा मराठी वर्णक्रमाचे पॅकेज ज्यांच्यासाठी आहे, ते वाचक मराठी आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जण मराठी माध्यमातून एम. ए. करणारे, साहित्याचे आणि इतिहासाचे विद्यार्थी आहेत. मराठी छापण्याचे साधन इंग्रजी वाचूनच शिकावे लागणे हे मला मनापासून खटकते. जर्मन मंडळींचे उदाहरण पाहा: कोमा-स्क्रिप्ट या पॅकेजसंचाची पुस्तिका जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत येते आणि दोन्ही भरीव असतात. टेक्सडॉक हे पुस्तिका शोधून उघडणारे साधनही फाइलीच्या नावातल्या भाषेच्या खुणेकडे पाहते, म्हणजे मराठी पुस्तिकेच्या नावाला मराठीची खूण जोडली तर मराठी वापरकर्त्याला ती आधी मिळण्याची वाट खुली होते. दोन भाषांचा मजकूर सांभाळण्याचा भार वाढतो खरा. तो हलका करण्याचा माझा मार्ग असा की उदाहरणे एकाच फाइलीत ठेवावीत आणि दोन्ही पुस्तिकांनी तिथूनच उचलावीत. मग भाषांतर राहते ते फक्त भोवतालच्या गद्याचे.

त्या गद्याबद्दलही एक मागणे आहे. शब्द जड करू नका. पॅकेजला कोणी आज्ञासंच म्हणते, कोणी पॅकेजच म्हणते. कोणताही शब्द घ्या, पण पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तो सांगा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. एकाच पुस्तिकेत ‘पर्याय’, ‘विकल्प’ आणि ‘ऑप्शन’ हे तिन्ही शब्द आले की नवा वाचक त्या तीन वेगळ्या गोष्टी समजतो. मी वर्गात हे पाहिले आहे.

आपल्यातल्या काहींनी मला पूर्वी सांगितले आहे की हल्ली विद्यार्थी पुस्तिका उघडतच नाहीत, कुठून तरी तयार नमुना उचलतात आणि काम भागवतात. तसे होते, हे मी रोज पाहते. पण तो तयार नमुना लिहिणारा कोणीतरी पुस्तिका वाचूनच लिहीत असतो, आणि त्याने वाचलेली पुस्तिका शिळी असेल तर तीच चूक पन्नास प्रबंधांत जाते. पुस्तिकेचे थेट वाचक थोडे आहेत म्हणून तिची जबाबदारी कमी होत नाही.

शेवटी माझ्या बाजूने मी काय करू शकते ते सांगते, कारण नुसती मागणी करून बाजूला होणे मला पटत नाही. माझ्या प्रश्नपत्रिकांच्या पॅकेजची डीटीएक्स फाइल, दहा ओळींची ती लुआ फाइल आणि सूचीची शैली हे सारे मी एलपीपीएल या लाटेकच्या खुल्या परवान्याखाली खुले करत आहे. ज्याला हवे त्याने ते उचलून आपल्या पॅकेजला लावावे. ज्यांना मराठी मजकूर लिहायला वेळ नाही, त्यांनी इंग्रजी पुस्तिका मला पाठवावी. महिन्याला एक याप्रमाणे मी तिचे मराठी करून देईन, आणि उदाहरणे चालवून पाहूनच परत पाठवीन. त्या विद्यार्थिनीने वापरलेल्या पॅकेजच्या लेखकाशी माझा पत्रव्यवहार झाला आहे, आणि त्यांच्या पुस्तिकेपासूनच सुरुवात करण्याचे आमचे ठरले आहे. तिचे पहिले प्रकरण, पर्यायांचे, आजच जुळले.

आपली नम्र,
एक गणिताची शिक्षिका आणि लाटेकची वापरकर्ती